जॉर्ज होल्डनच्या वारसांस जाहीर नोटीस

ऑफिसचा जिना दिसतच नव्हता. माणसंच माणसं.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कापडाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. जिना लाकडी, एका वेळी दीड माणूस चढेल एवढाच. त्या सकाळी त्याच्या पायरीपायरीवर कुणी ना कुणी बसलेलं होतं आणि बहुतेकांच्या हातात त्याच दिवसाचा पेपर होता. मी काळा कोट सावरत वर चढायला लागले तर एका म्हाताऱ्यानं हात आडवा घातला.

"बाई, लाईन आहे."

"मी वकील आहे."

"मग काय झालं? माझा खापरपणजा इंग्रज आहे."

कशीबशी वर पोचले. हरचंदानी साहेब, म्हणजे माझे सीनिअर, पेपर पुढ्यात पसरून बसले होते. माणूस स्वभावानं थंड. फाळणीत सगळं सोडून आलेला, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींनी हलायचा नाही. पण त्या दिवशी चष्मा कपाळावर चढला होता.

"कांबळे मॅडम," ते म्हणाले. एरवी मी 'बेटी' असे. मॅडम झाले की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. "ये क्या छापा है?"

"जाहीर नोटीस, सर."

"वो तो दिख रहा है, साईं. क्यों छापा है?"

नोटीस मीच लिहिली होती. तिचा मसुदा मला अजून तोंडपाठ आहे, कारण नंतर कितीतरी वर्षं कोर्टातले लोक तो माझ्यासमोर म्हणून दाखवायचे:

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, मयत जॉर्ज होल्डन, धंदा खडीचा ठेका, मूळ राहणार इंग्लंड, नंतर राहणार अंबरनाथ व बदलापूर दरम्यान, यांचे वारसांचा शोध आमचे अशिलामार्फत चालू आहे. सदर इसमाशी वा त्याचे मिळकतीशी कोणाचाही हक्क, हितसंबंध, वहिवाट वा नातेसंबंध असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत खालील पत्त्यावर कळवावे. न कळविल्यास तसा नातेसंबंध नाही, व असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच्याच अक्षराकडे बराच वेळ कौतुकानं बघत बसले होते.

आता वकिली न करणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या ऑफिसचं मुख्य काम टायटल सर्च. म्हणजे एखाद्यानं जमीन घ्यायची ठरवली, की ती खरंच विकणाऱ्याची आहे का, हे मागं मागं जाऊन बघायचं. सातबारा काढायचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो उतारा. फेरफार बघायचे, म्हणजे ते नाव कधी आणि कसं बदललं. सगळं बघून झालं की पेपरात नोटीस द्यायची, की बाबांनो, कुणाचा हक्क असेल तर आत्ताच बोला. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. अंबरनाथ-बदलापूरला भाताच्या खाचरांत बिल्डिंगा उगवत होत्या. आम्ही दिवसाला दोन-दोन नोटिसा देत होतो. माझ्या हाताला तेच वळण लागलेलं. काहीही शोधायचं म्हटलं की नोटीस द्यायची. त्या दिवसांत माझी छत्री हरवली असती तरी मी तमाम लोकांस कळवलं असतं.

त्या वेळची मी कशी होते तेही सांगून टाकते. अंबरनाथच्या बुवापाड्यातली पहिली वकील. संध्याकाळच्या कॉलेजातून एलएलबी. वडील कारखान्यातून ड्युटी करून आले की अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात "आमच्या ॲडव्होकेट आल्या का?" असं विचारायचे. त्यामुळे मी हवेत. मे महिन्यातही काळा कोट अंगावरून उतरायचा नाही. भाजी आणायला कोट, दळण आणायला कोट. स्टेशनजवळच्या झोपडपट्टीतली पोरं मला बघून टीसी समजून पळायची. मला वाटायचं, दरारा आहे.

तर ही नोटीस कुणासाठी होती? मिस होल्डन नावाच्या एका इंग्लिश बाईसाठी. वय पासष्टच्या पुढे, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली, उंच, डोक्यावर गवती हॅट. मुंबईच्या कुणा सॉलिसिटरनं तिला हरचंदानी साहेबांकडे पाठवलं आणि साहेबांनी, "लेडीज क्लायंट है, तुम संभालो," म्हणून माझ्या टेबलापुढे बसवलं.

तिचं काम जमिनीचं नव्हतंच. कल्याणच्या पुढे घाटापर्यंत रेल्वे टाकत होते, त्या काळात तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ जॉर्ज इकडं आला होता. रुळाखाली टाकायची खडी पुरवायचा ठेका त्याच्याकडे. काम संपलं, बाकीचे साहेब परत गेले, हा गेला नाही. अंबरनाथच्या दगडी देवळापासून जवळच कुठंतरी घर करून राहिला. पुढे त्याचं काहीच कळलं नाही. होल्डन घराण्यात मात्र त्याचं नाव पोरांना भीती घालायला वापरायचे. अभ्यास केला नाहीस, ऐकलं नाहीस, तर जॉर्जसारखा परक्या मुलखात एकटा मरशील. मिस होल्डन हे ऐकत मोठी झाली. आता त्या घराण्यातली ती शेवटची. लग्न केलेलं नाही, भावंडं गेली. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं, की तो खरंच एकटा मेला का.

"इफ आय नो दॅट, आय कॅन गो होम," ती म्हणाली. येत्या रविवारी तिचं विमान होतं.

माझं इंग्लिश म्हणजे दाव्याच्या कागदांवरचं इंग्लिश. दुसरं मला येतच नव्हतं. मी मान हलवून म्हणाले, "मॅडम, वुई शॉल ट्रेस द सेड जॉर्ज ॲलाँग विथ हिज हेअर्स, सक्सेसर्स अँड असाइन्स."

ती माझ्याकडे जरा घाबरूनच बघत राहिली. आणि मी जाऊन नोटीस दिली.

आता जिन्यावरची माणसं. त्यांच्यात दोन पक्ष होते. पहिला पक्ष वारसांचा. पेपरात 'मिळकत' हा शब्द वाचून त्यांना पहाटेपासून आपले इंग्रज पूर्वज आठवायला लागले होते. एकाचे डोळे घारे होते. एका बाईनं पिंगट केसांचं पोरगं कडेवर आणलं होतं आणि सारखी त्याची मान उजेडाकडे वळवत होती. एक गृहस्थ म्हणाले, "मला लहानपणापासून भात पचत नाही." मी तेही लिहून घेतलं.

दुसरा पक्ष हरकतवाल्यांचा. इंग्रज जमिनी परत न्यायला आले, असा त्यांनी अर्थ काढला होता. ते जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसून वरच्या पायऱ्यांवरच्या वारसांकडे रागानं बघत होते.

या दोघांत न बसणारा एक जण होता, बाजारातला फर्निचरवाला. तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये आला. "साईं, जॉर्ज साहब की कुर्सी मिल गई है. असली. मेमसाहब को दिखाऊं?"

"कहां से मिली?"

"आप बोलो कहां से मिलनी चाहिए."

मिस होल्डन दुपारी आली तेव्हा ती खुर्ची वर आणलेली होती. मला गहिवरून आलं. मी तिला आग्रहानं त्या खुर्चीत बसवलं. "मॅडम, द सेड चेअर," म्हणाले. ती बसली, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला, आणि उठायला गेली तर उठता येईना. पॉलिश ओलं होतं. तिचा स्कर्ट सोडवताना मी, फर्निचरवाला आणि कापडाच्या दुकानातले दोघे असे चौघे लागलो. ती मात्र हसून हसून लाल झाली. त्या क्षणापासून मला ती बाई आवडायला लागली, आणि हरचंदानी साहेबांना मी आवडेनाशी झाले.

"बेटी नहीं, मॅडम नहीं, अब सीधा बोलता हूं," ते म्हणाले. "संडे को इसकी फ्लाइट है. उसके पहले गांव में जाओ, पूछो. पेपर में नहीं, मुंह से."

गेलो. रिक्षा करून अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या बाजूला. सोबत मिस होल्डन, माझ्या हातात काळी बॅग, अंगात कोट. मी प्रत्येक ओटीवर तेच विचारणार होते, की इथं पूर्वी कुणी इंग्रज राहायचा का. पण विचारायची वेळच आली नाही. आम्ही रिक्षातून उतरतोय तोच माणसं सांगायची, "आमच्याकरं कोन सायब-बियब नव्हता." एका ठिकाणी तर पत्ता विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आवाज आला, "नव्हता, नव्हता."

ती माणसं मुळात काही लपवणारी नव्हती. माझ्या नोटिशीनं त्यांची तोंडं शिवून टाकली होती. एरवी हीच माणसं पाणी देऊन तासभर गप्पा मारायची. पण हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी वहीत लिहीत होते, "सर्व साक्षीदार एकमुखाने नाकारतात. सबब साहेब सदर भागात राहत नसावा."

दोन दिवस असेच गेले. शनिवार उजाडला. मिस होल्डनचं हसणं कमी झालं होतं. रिक्षात ती म्हणाली, "परॅप्स माय फॅमिली वॉज राइट. परॅप्स ही वॉज अलोन." मी रिक्षावाल्याला पुढचं घर घ्यायला सांगितलं.

गावाच्या पलीकडे, पाड्यावरच्या शेवटच्या घरी पोचलो तेव्हा ऊन मावळतीला लागलं होतं. घर आगरी कुटुंबाचं. दारात हिराबाय. वय सत्तरीच्या वर, पातळाचा काष्टा घट्ट, नाकात नथ, नजर अशी की समोरच्यानं आपोआप चप्पल काढावी. मी आयुष्यात अनेक जज्ज पाहिले. तिच्याइतकी कुणाची भीती वाटली नाही.

"कोनाची गो तू?"

"बुवापाड्याची. वकील आहे."

"पेपरान घालनारी ती तूच ना? बस. पावनी आयलीय तर बसा. पन सांगून ठेवते, आमच्याकरं सायब नव्हता."

आम्ही बसलो. हिराबायचा मुलगा गणपत चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, पाहुणचाराची हौस असलेला माणूस. त्यानं चहाचं विचारलं. मिस होल्डन हॅटनं वारा घेत होती. मला म्हणाली, गरम काही नको. मी भाषांतर केलं, "त्या सदर चहा नाकारतात." गणपतचा चेहरा उजळला. परवाच्या हळदीतली रमची बाटली शिल्लक होती. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासाठी लिंबाचं सरबत आलं, बाईंसाठी पेला.

गणपतनं बाटली उघडली. पेल्यात ओतायच्या आधी झाकणभर रम घेतली आणि मागच्या दारातून बाहेर उडवली. मागच्या अंगणात पेंढ्याचा मोठा ढीग होता. रम त्या दिशेला गेली.

हिराबायनं त्याच्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या जागी असते तर बाटलीसकट पेंढ्यात शिरले असते.

"व्हॉट वॉज दॅट?" मिस होल्डननं विचारलं.

मी विचारलं. हिराबाय म्हणाली, "माशा हाकलत व्हता."

मी वहीत लिहिलं, "घरात माशा फार."

मिस होल्डननं पेला संपवला. बाई दमाची निघाली. दुसरा मागितला. गणपत खूश. बाटली उचलली, झाकण भरलं, आणि पुन्हा मागच्या दाराकडे हात गेला. हिराबाय खाकरली. हात मध्येच थांबला, पण रम थांबली नाही.

"पुन्हा माशी?" मी विचारलं.

"मोठी व्हती," गणपत म्हणाला.

तिसऱ्या पेल्याला त्यानं अगदी निश्चय केलेला दिसत होता. डावा हात पाठीमागे धरला. बाटली पेल्यावर तिरकी केली. थेंब पडेना. त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी तो आईकडे बघून कळवळून म्हणाला, "आये, हात चालत नाय गो." आणि झाकणभर उडवून मोकळा झाला. मग त्याचा चेहरा इतका शांत झाला, की काय सांगू.

माझं लक्ष कुठं? मी सरबतातली बी काढत होते.

मिस होल्डन मात्र उठली. चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांना पकडण्यात घालवलेली बाई ती. पेला घेऊन मागच्या दारात गेली. पेंढ्याच्या ढिगाकडे बघितलं. ढीग होता अगदी दाराच्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा पडेल असा. असा कुणी रचत नाही. तिनं पेला वर केला, काहीतरी पुटपुटली, आणि सगळीच्या सगळी रम त्या ढिगाच्या दिशेनं ओतायला लागली.

"अगो बाय, सगली नको ओतूस," हिराबाय ओरडली. "त्याला येवरी सोसत नाय."

हिराबायनं पदर तोंडावर धरला. गणपत छपराची कौलं मोजू लागला. मी सरबत खाली ठेवलं आणि, तुम्हाला खोटं वाटेल, पण मी अजूनही विचारलं, "कुणाला?"

"तुज्या आज्याला," हिराबाय म्हणाली. मग खाली बसली. आणि वकिलाशी बोलावं तसं बोलली.

"हाय. त्या पेंढ्याखाली सायब हाय. तुजी नोटीस आयली तवा पोरांनी रातोरात झाकला. पन आयक. हे शेत आमचं हाय. सायबाची मानसं आयली म्हनून इतभर देनार नाय. कोर्टान जा नाय तर विलायतेला जा."

हा तर माझा विषय. मी उभी राहिले, कोट नीट केला आणि वहिवाट, मुदत, कूळ, विपरीत कब्जा या सगळ्यांवर एक भाषण दिलं. गणपतला जांभई आली. मिस होल्डननं माझी बाही ओढली आणि विचारलं, ही बाई कशाला घाबरली आहे? मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

हिराबायनं मला विचारलं, "या बाईला नक्की काय पायजे?"

"त्यांना एवढंच जाणून घ्यायचंय, की साहेब एकटा मेला का."

"येवराच?"

"एवढंच."

"मंग ता पेपरान कशाला घातलंस गो? पायानी येऊन इचारलं असतंस तर परवाच सांगितलं असतं."

मी वही मिटून बॅगेत टाकली.

पण हिराबाय तोंडी भरवशावर चालणारी नव्हती. "आदी ल्याहून दे. शेतावर तिचा काय नाय म्हनून. मंग सायब दाखवते, मंग सांगते."

मी म्हटलं, "आजी, त्यांचा हक्क मुळात नाहीच. नसलेला हक्क सोडता येत नाही. कायद्यात तसं बसत नाही."

"नसलेला हक सोडाला तिचा काय जातंय?"

हा मुद्दा मला एलएलबीत कुणी शिकवला नव्हता. मी मिस होल्डनला घेऊन तशीच रिक्षानं उल्हासनगरला आले. हरचंदानी साहेब ऑफिस बंद करून निघत होते. मी सगळं सांगितलं. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. "जो चीज़ है ही नहीं, वो छोड़नी है? बेटी, पूरी प्रॅक्टिस में इससे सस्ता सौदा नहीं देखा. चलो, कल मैं भी आता हूं." मी पुन्हा बेटी झाले होते. कपाटातून त्यांनी स्टँप पेपर काढले. एक लागणार होता तो मला लिहायला दिला, आणखी एक स्वतःजवळ ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "वकील एक स्टँप पेपर लेके कभी बाहर नहीं जाता."

रविवारी सकाळी पाड्यावर सगळे जमलो. विमान संध्याकाळचं होतं. हक्कसोड पत्र, म्हणजे एखाद्या मिळकतीवरचा आपला हक्क सोडून दिल्याचा कागद, मी हातानं लिहून नेलं होतं. मिस होल्डननं हसत सही केली. हिराबायनं तो कागद उलटा धरून तपासला, सुलटा धरून तपासला, घडी करून कमरेला खोचला. मग गणपतला म्हणाली, "काढ रे पेंढा."

खाली एक बुटका दगडी चौथरा होता. चुना लावलेला. त्यावर अंड्यांची टरफलं, विझलेल्या विड्या, एक वाळलेला झेंडूचा हार. नाव नव्हतं, क्रूस नव्हता. डोक्याच्या बाजूला मात्र खडीचे काळे दगड एकावर एक नीट रचलेले होते. मिस होल्डन गुडघ्यावर बसली. हॅट काढून बाजूला ठेवली.

"तो माज्या सासऱ्याचा आजा," हिराबाय म्हणाली. "या घरातली पोर केलीन आनि हितंच राहिला. मना सासूनी सांगितलं, तिला तिच्या सासूनी. घरान नवी सून आयली की आदी हितं आनतात. ओतताना पयला त्याचा. हळदीला अंडा त्याचा."

मी एकेक वाक्य मिस होल्डनला सांगत होते. दाव्यातलं इंग्लिश त्या दिवशी कुठं गेलं, माहीत नाही. साधे शब्द येत होते.

मिस होल्डननं विचारलं, "अँड अॅट द एंड? वॉज ही अलोन?"

मी विचारलं. प्रश्नच हिराबायला कळला नाही.

"एकटा? या घरान कोन एकटा मरल? हितं एकट्याला झोपाला पन गावत नाय. ओटीवर बाज टाकली व्हती. सात पोरा, सुना, नातवा, आख्खा गाव भवती. शेवटाला वैतागून बोलला म्हने, जरा वारा येऊ द्या."

हे मी भाषांतर केलं. मिस होल्डन आधी रडली की आधी हसली, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच चाललं होतं. चौथऱ्यावर हात ठेवून ती हसत होती आणि हिराबाय तिच्या पाठीवर हात फिरवत होती. हरचंदानी साहेब उगाच चष्मा पुसत उभे होते.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गणपतच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं.

"वकीलबाई," तो म्हणाला, "मंजे ही बाई सायबाची. आनि आमी पन सायबाचे. मंजे आमी नात्यातली."

"हो."

"मंग तिकरं हिचा जो घर हाय, सायबाच्या बापाचा, त्याच्यान आमचा पन वाटा येतंय का?"

मला इथं गप्प बसता आलं असतं. पण मी वकील होते. मी मिस होल्डनला प्रश्न सांगितला आणि वर म्हणाले, "मॅडम, इट इज अ सबस्टँशियल क्वेश्चन ऑफ लॉ."

मिस होल्डनचा रंग उडाला. तिच्याकडे वडिलोपार्जित घर होतं. छोटं, मागं बाग, बागेत नासपतीचं झाड. ती हळूच मला म्हणाली, "दे कुडन्ट, कुड दे?"

"केवरी हाय बाग?" गणपतनं विचारलं.

हरचंदानी साहेबांनी शांतपणे दुसरा स्टँप पेपर काढून माझ्यापुढे धरला. "लिखो, बेटी."

गणपतला पटायला वेळ लागला. विलायतेतली बाग एकदम सोडून द्यायची म्हणजे सोपं नव्हतं. तो दोनदा ओटीवर जाऊन आला. शेवटी हिराबायनं निकाल दिला. "लिव रे. तिनी लिवला, तू पन लिव. पावन्याशी बरोबरी ठेवाची. पन येक अट घाल. तिकरं पन पिताना पयला त्याचा काढाचा."

मी लिहिलं: 'लिहून घेणार मिस होल्डन यांनी इंग्लंड येथील राहते घरी मद्यपान करतेवेळी पहिला अंश सदर जॉर्ज होल्डन यांचे नावे काढावा, ही या दस्ताची मुख्य अट आहे.' साहेबांनी पेन घेतलं, म्हणाले, "ये क्लॉज किसी कोर्ट में नहीं टिकेगा." मग पेन खिशात ठेवलं आणि ओळ तशीच राहू दिली. गणपतनं सही केली, हिराबायनं अंगठा उठवला. मिस होल्डननं दोघांच्या गालांचे मुके घेतले. गणपत दिवसभर तो गाल पुसायचा विसरला.

संध्याकाळी ती गेली. तिचं विमान चुकलं नाही. होल्डन घराण्याच्या वंशावळीत जॉर्जच्या नावाखाली आता सात पोरं, आणि त्यातल्या एकाच्या खाली गणपतपर्यंतची फांदी आहे. बाकीच्या सहांची नावं हिराबायलाही सांगता आली नाहीत. "वाडीभर पसरली असतील," ती म्हणाली.

ऑफिसच्या जिन्यावर पुढचे कितीतरी दिवस वारस येत राहिले. भात न पचणारे गृहस्थ सगळ्यात चिकट निघाले. आणि साहेबांनी नियम केला, की जाहीर नोटीस लिहिली की आधी त्यांना दाखवायची, छापायची नंतर. मे महिन्यात कोट घालायचा नाही, हा नियम मी माझा मीच केला.

पुढे वकिलीत अनेक घराण्यांच्या मुळाशी जायचं काम पडलं. भावाभावांचे तंटे, काका-पुतणे, गावाकडून परत आलेले चुलते. प्रत्येक वेळी मी आधी हक्कसोड पत्र लिहून घेते आणि मगच नातं विचारते. तरुण वकिलांनाही हेच सांगते. उलट केलंत तर नातेवाईक सापडत नाहीत, वारस सापडतात.